त्या वर्षापुरती टीम

कॉलेज फुटबॉलची टीम एकाच वर्षाची असते, हे मला इथे मिशिगनमध्ये येऊन बरीच वर्षं झाल्यावर कळलं. म्हणजे नाव तेच राहतं, निळी-पिवळी जर्सी तीच, हेल्मेटवरचे ते पंख तेच (१९३८ पासून आहेत म्हणे), स्टेडियम तर १९२७ चं, पण आत खेळणारी पोरं दर ऑगस्टला वेगळी. कोणी ग्रॅज्युएट होऊन गेलं, कोणी एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, कोणी ट्रान्सफर पोर्टलमधून दुसऱ्या कॉलेजात, आणि त्यांच्या जागी अठरा वर्षांची नवी पोरं. पप्पांना मी हे समजावून सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे कॉलेजच्या गॅदरिंगसारखं, नाटक तेच, पोरं नवी." बरोबरच आहे.

२०२३ च्या मिशिगनबद्दल, म्हणजे इथल्या युनिव्हर्सिटीच्या टीमबद्दल, लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं. एक तर ती टीम पंधराच्या पंधरा मॅच जिंकून नॅशनल चॅम्पियन झाली, १९९७ नंतर पहिल्यांदा, आणि दुसरं म्हणजे त्याच वर्षी आई-पप्पा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे होते आणि पप्पा म्हणजे पक्के कोल्हापूरचे, आयुष्यभर शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाटाकडीलसाठी घसा बसवलेला माणूस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात तो खराखुरा फुटबॉल, आणि टीमा तालमींच्या, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. उरलेल्या महाराष्ट्राला क्रिकेटशिवाय काही सुचत नाही तेव्हा आमच्याकडे पाटाकडील-दिलबहार मॅचला पोलीस बंदोबस्त लागतो. त्यामुळे अमेरिकन फुटबॉल बघून पप्पांची पहिली प्रतिक्रिया काय असणार ते तुम्ही ओळखलंच असेल. "हे खेळतात कवा आणि थांबतात कवा?" साठ मिनिटांचा खेळ साडेतीन तास चालतो, चार सेकंद धावपळ, मग सगळे उठून गोल करून उभे, मग जाहिरात, मग पुन्हा चार सेकंद. त्यांचं काही चुकत नव्हतं.

पण ती पोरं परत का आली हे कळल्याशिवाय या सीझनमध्ये काही मजा नाही, त्यामुळे जरा मागे जाते. २०२० मध्ये टीम २-४ झाली होती (दोन जिंकल्या, चार हरल्या), कोच जिम हार्बॉचा पगार कापला होता, लोक त्याला काढा म्हणत होते. २०२१ मध्ये अचानक ओहायो स्टेटला, म्हणजे शेजारच्या राज्यातल्या कायमच्या वैऱ्याला, ४२-२७ हरवलं, दहा वर्षांत पहिल्यांदा, पण प्लेऑफमध्ये जॉर्जियाने ३४-११ असं धुतलं. २०२२ मध्ये १३-० होते, सगळ्यांना वाटलं आता झालंच, आणि ३१ डिसेंबरला टीसीयू नावाच्या, इथल्या निम्म्या लोकांनी ज्यांना गृहीतच धरलं होतं अशा टीमने ५१-४५ हरवलं. आमच्याकडे थर्टी फर्स्टला मंडळी जेवायला होती, पावभाजी तशीच राहिली.

आता इथे खरा प्रश्न होता. ब्लेक कोरम, म्हणजे मुख्य रनिंग बॅक, बॉल घेऊन पळणारा, त्याचा गुडघा नोव्हेंबरमध्येच गेला होता. झॅक झिंटर, ट्रेव्हर कीगन, कॉर्नेलियस जॉन्सन, हे सगळे तीन-चार वर्षं पूर्ण करून बसलेले, एनएफएलमध्ये गेले असते तर पैसे सुरू झाले असते. आणि हे सगळे परत आले! कोविडमुळे सगळ्यांना एक जादा वर्ष मिळालेलं होतं, काहींनी ते वापरलं. आता यात निव्वळ भावना होती असं म्हणायला मी भाबडी नाही, फॅन लोकांनी 'वन मोअर इयर' नावाचा फंड काढला होता, नाव-चेहरा वापरायचे पैसे पोरांना कायदेशीर मिळायला २०२१ पासून सुरुवात झालीच होती, त्यामुळे परत येणं अगदी फुकट नव्हतं. पण गुडघा दुखावलेल्या रनिंग बॅकने अजून एक वर्ष कॉलेजात मार खायला परत यायचं हा धोकाच होता, ते पैशाने भरून येणारं नाही. रनिंग बॅकचं करिअर असतं किती, त्यातलं एक वर्ष द्यायचं म्हणजे काय.

तर ती टीम अशी, एका अपुऱ्या राहिलेल्या कामासाठी मुद्दाम एक वर्ष थांबलेल्या पोरांची. आणि पुढच्या वर्षी ही नसणार हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक.

सीझन सुरू झाला तोच कोच नसताना. कोविडच्या काळात शाळकरी खेळाडूंना भेटायला बंदी होती तेव्हा हार्बॉ भेटला, बर्गर खायला घातले वगैरे आरोप होते, चौकशीत नीट उत्तरं दिली नाहीत असं म्हणणं होतं, त्यावर युनिव्हर्सिटीने स्वतःच त्याला पहिल्या तीन मॅचसाठी बसवलं. तीन मॅचला वेगवेगळे असिस्टंट कोच उभे राहिले, एका मॅचला तर दोघांनी अर्धी-अर्धी वाटून घेतली. पहिल्याच मॅचच्या पहिल्याच प्लेला, म्हणजे त्या चार सेकंदांच्या पहिल्या धावपळीला, सगळी पोरं एका ओळीत उभी राहिली आणि चार बोटं वर, कारण हार्बॉ स्वतः इथे खेळायचा तेव्हा त्याचा नंबर ४. समोर ईस्ट कॅरोलायना, ३०-३. मग यूएनएलव्ही, बोलिंग ग्रीन. या मॅच म्हणजे मोठ्या कॉलेजने छोट्या कॉलेजला पैसे देऊन हरायला बोलवायचं असतं, त्यावर मी वेळ घालवत नाही.

चौथी मॅच रटगर्सबरोबर, २३ सप्टेंबर, हार्बॉ परत आलेला, आणि आम्ही पप्पांना घेऊन स्टेडियमला गेलो. नवऱ्याच्या ऑफिसातल्या कोणाची तरी तिकिटं मिळाली होती.

युनिव्हर्सिटी आहे त्या अॅन आर्बर गावची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, आणि स्टेडियमची क्षमता १,०७,६०१. हे मी पप्पांना गाडीत सांगितलं तर त्यांना पटलंच नाही, आणि जवळ गेल्यावर तर अजिबात नाही, कारण बाहेरून ते तेवढं मोठं दिसतच नाही. तुम्ही रस्त्याच्या लेव्हलला गेटमधून आत जाता, एक बोगदा पार करता आणि अचानक पायाखाली जमीन खाली खाली जात राहते, बहुतेक सगळं स्टेडियम जमिनीत खणलेलं आहे. १९७५ पासून इथे प्रत्येक होम मॅचला लाखाच्या वर लोक असतात, कोविडचं वर्ष सोडलं तर. पप्पा कठड्याला धरून थोडा वेळ नुसते उभे राहिले, मग म्हणाले, "आपलं शाहू स्टेडियम ह्यात चार कोपऱ्यांत चार बसंल."

त्याच्या आधीचा एक तास तर विचारू नका. पार्किंग लोकांच्या घरांपुढच्या लॉनवर, चक्क, म्हातारी बाई खुर्ची टाकून पैसे घेते आणि गाड्या फुलझाडांच्या कडेने लावायला सांगते. गोल्फ कोर्सवर हजारो गाड्या, प्रत्येक गाडीमागे ग्रिल, धूर, पोरं बॉल फेकतायत. आम्ही पण गवतावर चादर टाकली. आईने कोल्हापूरहून आणलेला भडंग होता, तो स्टेडियममध्ये न्यायचा असा पप्पांचा आग्रह, पण आत पिशवी नेता येत नाही, बाहेरचं खाणं नाही, त्यामुळे सगळा भडंग तिथेच संपवायचं ठरलं आणि शेजारच्या गाडीवाल्या गोऱ्या आजोबांनी मागून घेतला, लसणीच्या पाकळीसकट मूठभर तोंडात टाकला, डोळ्यातून पाणी आलं आणि परत हात पुढे केला! पप्पांच्या लेखी मिशिगन तिथेच जिंकलं.

आत बाकडी, खुर्च्या नाहीत, प्रत्येकाला दीड वीत जागा, नंबर रंगवलेले. त्या वर्षी स्टेडियममध्ये बिअर विकत नव्हते (ती पुढच्या वर्षीपासून सुरू झाली) त्यामुळे जो काय आवाज होता तो शुद्धीतला होता असं समजायला हरकत नाही. बँड आला, बँडचा म्होरक्या पाठीमागे कमान करून डोकं जमिनीला टेकवतो, लोक ओरडतात. पोरं बोगद्यातून पळत आली आणि मैदानाच्या मधोमध धरलेल्या बॅनरला उडी मारून हात लावून गेली, एकेक करून सगळी. आणि मग खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात रटगर्सच्या पोराने एक ६९ यार्डांचा पास पकडून सरळ टचडाऊन केला, म्हणजे बॉल घेऊन मैदानाच्या टोकाची रेघ ओलांडली. लाखभर लोक गप्प. इतके गप्प की मागच्या रांगेतल्या माणसाचं चिप्सचं पाकीट ऐकू येत होतं. पप्पा मला म्हणाले, "आता कळंल टीम कशी हाय ते."

मिशिगन ३१-७ जिंकलं. माईक सेनरिस्टिलने रटगर्सचा पास मधेच पकडून ७१ यार्ड पळत टचडाऊन केला तेव्हा आम्ही सगळे बाकड्यावर उभे होतो. हा सेनरिस्टिल हैतीत जन्मलेला, आधी रिसीव्हर होता, म्हणजे बॉल पकडणारा, मग टीमला गरज पडली तर कॉर्नरबॅक झाला, म्हणजे दुसऱ्याला पकडू न देणारा. आणि कॅप्टन. जागा बदलायला लावली म्हणून पोर्टलमध्ये नाव टाकून गेला असता तर कोणी काही बोललं नसतं.

ऑक्टोबर तर पाणी ओतल्यासारखा गेला, मिनेसोटा ५२-१०, इंडियाना ५२-७, मिशिगन स्टेटला त्यांच्या घरी ४९-०. आणि याच सगळ्यात ती बातमी आली.

आता हे प्रकरण नीट सांगावं लागेल कारण आमच्या ऑफिसात अजून यावरून भांडणं होतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक प्ले बाहेरून ठरवून पाठवतात. एनएफएलमध्ये क्वार्टरबॅकच्या, म्हणजे बॉल फेकणाऱ्याच्या, हेल्मेटात रेडिओ असतो, कॉलेजात तेव्हा तो नव्हता, त्यामुळे मैदानाच्या कडेला दोन-तीन लोक हातवारे करतात, चित्रांचे बोर्ड धरतात, एकाचे खरे, बाकीच्यांचे खोटे. समोरच्याचे हातवारे बघून ओळखणं हा काही गुन्हा नाही, मॅच चालू असताना ओळखा, टीव्हीवरचं रेकॉर्डिंग बघून ओळखा, सगळे करतात. पण पुढे ज्यांच्याशी खेळायचंय त्यांच्या मॅचला आधीच माणूस पाठवून बघायला १९९४ पासून बंदी आहे. मिशिगनचा एक कनिष्ठ कर्मचारी, कॉनर स्टॅलियन्स, याने नेमकं तेच केलं होतं, वेगवेगळ्या कॉलेजांच्या मॅचची तिकिटं स्वतःच्या नावाने काढून माणसं पाठवली होती, ते फोनवर हातवारे रेकॉर्ड करायचे. स्वतःच्या नावाने! भामटेगिरी करायची तर निदान तिकीट तरी दुसऱ्याच्या नावाने काढावं. मिशिगन स्टेटच्या एका मॅचला समोरच्या टीमच्या कोचसारखे कपडे घालून, रात्री काळा चष्मा लावून उभ्या असलेल्या एका माणसाचे फोटो फिरले आणि तो हाच म्हणून देशभर हसं झालं. ३ नोव्हेंबरला त्याने राजीनामा दिला.

माझं मत विचाराल तर नियम मोडला होता, सरळ मोडला होता, आणि 'सगळेच करतात' हे आपल्याकडचं परीक्षेतल्या कॉपीचं समर्थन इथेही तितकंच फालतू आहे. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये एनसीएएने, म्हणजे देशभरच्या कॉलेज खेळांच्या संस्थेने, निकाल दिला, युनिव्हर्सिटीला कोट्यवधी डॉलरचा दंड, हार्बॉवर दहा वर्षांचे निर्बंध, पण त्या वर्षीचे विजय काढून घेतले नाहीत. मला ते बरोबर वाटतं आणि माझ्या ओहायो स्टेटवाल्या सहकाऱ्याला अर्थातच वाटत नाही. एप्रिल २०२४ मध्ये कॉलेजातही हेल्मेट रेडिओला परवानगी दिली, म्हणजे तीस वर्षं एनएफएलमध्ये असलेली गोष्ट एवढी बोंबाबोंब झाल्यावर आली. आधीच दिली असती तर स्टॅलियन्सला चोरायला काही उरलंच नसतं.

पण तेव्हा, नोव्हेंबर २०२३ मध्ये, टीमच्या दृष्टीने एकच प्रश्न होता, आपण हातवारे चोरून जिंकत होतो की नाही. कारण स्टॅलियन्स गेला, आणि आता सगळ्यात कठीण मॅच पुढे. शुक्रवारी १० तारखेला टीम पेन स्टेटला जायला विमानात असताना बिग टेनने, म्हणजे या कॉलेजांच्या संघटनेने, निर्णय दिला की हार्बॉ उरलेल्या तिन्ही मॅचला मैदानावर नसेल. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता मॅच, लाखावर लोक विरोधात, आणि कोच म्हणून उभा शेरोन मूर, ऑफेन्सिव्ह लाइनचा कोच, म्हणजे समोरच्यांना ढकलून बॉलवाल्याला वाट करून देणाऱ्या ज्या जाडजूड पोरांना कोणी ओळखत नाही त्यांचा गुरुजी.

दुसऱ्यांचे हातवारे वाचून जिंकता असा आरोप असेल तर यावर उत्तर काय, तर असा खेळ करायचा की ज्यात लपवायला किंवा ओळखायला काहीच नाही. मूरने दुसऱ्या हाफमध्ये बॉल फेकणंच बंद केलं. शेवटचे ३२ प्ले, सगळेच्या सगळे, धावत. मधे एक पास टाकला तो पेनल्टीत गेला त्यामुळे हिशोबात धरत नाहीत. स्टेडियममधल्या प्रत्येकाला माहीत, टीव्हीसमोरच्या माझ्या आईला माहीत, की आता बॉल कोरमच्या हातात देणार आणि तो मधून घुसणार, आणि तरी थांबवता येत नव्हतं. जेजे मॅकार्थी, जो पुढे एनएफएल ड्राफ्टमध्ये (एनएफएलच्या टीमा कॉलेजची पोरं निवडतात त्यात) दहाव्या नंबरला गेला, त्याने अख्ख्या मॅचमध्ये आठ पास टाकले, आठ! बघायला भयानक बोअर मॅच, खरं सांगते, लेक मधेच फोन बघायला लागला. पप्पा मात्र खुर्चीच्या टोकाला. त्यांना एव्हाना लाइन कळायला लागली होती, बॉलकडे न बघता ते त्या पाच जाड पोरांकडेच बघायचे. "बॉलच्या मागं लागू नको, ह्यांच्याकडं बग," नातवाला सांगत होते. "बगितलंस? तो ६५ नंबर. समोरच्याला उचलून बाजूला ठेवतोय पोत्यागत."

६५ नंबर म्हणजे झॅक झिंटर, त्या लाइनमधला राइट गार्ड, कॅप्टन. मला अनेक वर्षं बघून एकाही लाइनमनचं नाव माहीत नव्हतं, ते पप्पांमुळे झालं.

२४-१५. मॅच संपल्यावर टीव्हीवर मूरला विचारलं तर तो ढसाढसा रडला, लाइव्ह टीव्हीवर शिवी देऊन हार्बॉला म्हणाला की माझं तुझ्यावर प्रेम आहे. (मूर पुढे हेड कोच झाला आणि ती गोष्ट गोड संपली नाही, पण तो वेगळा विषय.) पुढच्या आठवड्यात मेरीलँडला कसंबसं ३१-२४ हरवलं, आणि तो मिशिगनचा एकूण १००० वा विजय, कॉलेज फुटबॉलमध्ये हजारावर पोचणारी पहिली टीम.

आणि मग ओहायो स्टेट. हे वैर पप्पांना समजावताना मी टोलेडोची गोष्ट सांगितली, की १८३५ मध्ये मिशिगन आणि ओहायो यांच्यात टोलेडोच्या पट्ट्यावरून दोन्हीकडून सैन्य उभं राहण्यापर्यंत वाद गेला होता, शेवटी टोलेडो ओहायोला आणि बदल्यात वरचा सगळा जंगलपट्टा मिशिगनला मिळाला. पप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे बेळगाव." त्यानंतर त्यांना काही समजवावं लागलं नाही. ओहायो स्टेटच्या कॅम्पसवर त्या आठवड्यात पाट्यांवरचं एम अक्षर टेप लावून खोडतात हे कळल्यावर तर ते फारच खूश झाले, असलं काहीतरी पाटाकडीलने पण करायला पाहिजे म्हणाले.

२५ नोव्हेंबर, मॅच अॅन आर्बरमध्ये, तिकिटांचे भाव बघून आम्ही टीव्हीसमोरच. दोन्ही टीमा ११-०. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत तीन-चार मराठी कुटुंबं घरी, आईने मिसळ केलेली. तिसऱ्या क्वार्टरमध्ये १७-१७ असताना झिंटर पडला. आधी कळलंच नाही, ढिगाऱ्यात कोणीतरी पडलंय एवढंच, मग आजूबाजूची पोरं हात हलवून डॉक्टरला बोलवायला लागली, एक जण तोंड फिरवून उभा राहिला. पायाची दोन्ही हाडं मोडली होती. टीव्हीने तो प्ले परत दाखवला नाही. अख्खी टीम बेंचवरून उठून मैदानात आली, हवेचा पट्टा पायाला बांधला, गाडीवर चढवला. आमच्या हॉलमध्ये कोणी बोलत नव्हतं, मिसळीचा रस्सा थंड. पप्पा उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

मग बदली. ट्रेंट जोन्स बेंचवरून टॅकलला, म्हणजे लाइनमधल्या गार्डशेजारच्या जागेवर, आला आणि टॅकलचा कार्सन बार्नहार्ट झिंटरच्या जागी गार्डला सरकला, म्हणजे एक नाही दोन जागा बदलल्या. पुढचाच प्ले, गाडी बोगद्यातून गेलीये जेमतेम, बॉल कोरमला, आणि तो मधून घुसला आणि २२ यार्ड, टचडाऊन. एंड झोनमध्ये जाऊन त्याने हाताने सहा आणि पाच अशी बोटं दाखवली. पासष्ट.

मी आयुष्यात पुष्कळ मॅच बघितल्यात, २०११ चा वर्ल्डकपचा धोनीचा सिक्स पण हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये उभं राहून बघितलाय, पण त्या दिवशी ज्या प्रकारे आमच्या हॉलमधले सगळे एकदम ओरडले तसं मी परत ऐकलं नाहीये. आणि मला तेव्हा नाही, नंतर दोन-तीन दिवसांनी गाडी चालवताना लक्षात आलं की हा मुलगा गेल्या वर्षीच जाऊ शकला असता. झिंटर. तेव्हा गेला असता तर पाय धड असता. परत आला ते याच मॅचसाठी आला आणि याच मॅचमध्ये मोडला. यावर काय म्हणायचं मला अजून सुचत नाही. 'त्याचं चीज झालं' असं लोक म्हणतात, मला ते म्हणवत नाही, चीज झालं की नाही हे पाय मोडलेल्यानेच म्हणायचं. लोकांनी नाही.

शेवटी ३०-२४. शेवटच्या मिनिटाला ओहायो स्टेट पुढे पुढे येत होते, आणि रॉड मूरने पास पकडला. हा रॉड मूर स्वतः ओहायोचा, तिथल्याच शाळेत शिकलेला. पप्पांना हे सांगितलं तर त्यांना दया आली त्याच्या घरच्यांची, "शेजारीपाजारी काय म्हणत असतील."

डिसेंबरमध्ये आयोवाला २६-० हरवून बिग टेन जिंकलं आणि त्याच आठवड्यात आई-पप्पा परत गेले. त्यामुळे रोझ बोल, म्हणजे प्लेऑफची सेमीफायनल, १ जानेवारी २०२४, आम्ही इकडे संध्याकाळी पाचला आणि पप्पा कोल्हापुरात पहाटे साडेतीनला, कानटोपी घालून, लेकाने कुठून तरी लावून दिलेल्या स्ट्रीमवर. स्ट्रीम अर्धा मिनिट मागे, त्यामुळे व्हॉट्सअॅपवर काही लिहायचं नाही अशी सक्त ताकीद. समोर अलाबामा, म्हणजे कॉलेज फुटबॉलचे दादा. मिशिगन सात पॉइंटने मागे, साडेतीन मिनिटं राहिलेली, चौथा डाऊन, म्हणजे शेवटची संधी, आणि दोन यार्ड हवेत, नाही मिळाले तर खेळ खलास, तिथून मॅकार्थी-कोरम एक छोटा पास, मग रोमन विल्सन, मग टचडाऊन, २०-२०. आणि मग शेवटच्या मिनिटात आपल्याच पोराच्या हातून अलाबामाने मारलेली किक सुटली आणि बॉल आपल्याच गोललाइनवर घरंगळला, एक यार्डावर कसाबसा पकडला, तेवढ्यात माझ्या नवऱ्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला की मला आता बघायचंच नाही. ओव्हरटाइममध्ये कोरम १७ यार्ड, २७-२०, आणि अलाबामाला शेवटचा एक चान्स, तीन यार्ड हवेत, क्वार्टरबॅक मिलरो मधून घुसायला गेला आणि मिशिगनच्या लाइनने तिथेच अडवला. लाइननेच. परत तीच जाडी पोरं, फक्त यावेळी दुसऱ्या बाजूची. अर्ध्या मिनिटाने पप्पांचा फोन, मागे आई ओरडतेय की शेजारी झोपलेत.

फायनल त्यामानाने सोपी गेली, ह्यूस्टनला, वॉशिंग्टनची टीमही १४-०, पण मिशिगनने ३०३ यार्ड नुसते पळून काढले आणि ३४-१३. डोनोव्हन एडवर्ड्सने सुरुवातीलाच ४१ आणि ४६ यार्डांचे दोन टचडाऊन केले, सेनरिस्टिलने शेवटी एक पास पकडून ८१ यार्ड नेला. झिंटर कुबड्यांवर होता, कडेला, जर्सी घालून. कोरमचे वर्षभरात पळत केलेले २७ टचडाऊन, मिशिगनच्या इतिहासात एका सीझनमध्ये कोणी केले नव्हते इतके.

आणि मग ती टीम संपली. म्हणजे शब्दशः. दोन-अडीच आठवड्यांत हार्बॉ लॉस एंजेलिस चार्जर्सला गेला, त्याच्याबरोबर निम्मे कोच. एप्रिलमध्ये ड्राफ्ट नेमका डेट्रॉइटला होता, आम्ही डाऊनटाऊनला गेलो, लाखो लोक, आणि मिशिगनची १३ पोरं एकाच ड्राफ्टमध्ये गेली. स्टेजवरून एकेक नाव वाचत होते आणि माझ्या शेजारी उभा लेक प्रत्येक नावाला टाळ्या वाजवत होता आणि मधेच म्हणाला, "आई, पण मग आता खेळणार कोण?" २०२४ ला ८-५. त्यातही कोलंबसला जाऊन ओहायो स्टेटला १३-१० हरवलं हे आहेच, मॅचनंतर झेंडा रोवण्यावरून हाणामारी आणि पोलिसांनी पेपर स्प्रे मारला, आणि गंमत म्हणजे तीच हरलेली ओहायो स्टेट पुढे नॅशनल चॅम्पियन झाली. आता तर १ जुलै २०२५ पासून कॉलेजंच पोरांना थेट पैसे देऊ शकतात. लोक नाकं मुरडतात की आता कॉलेजपण राहिलं नाही. लाखभर लोक तिकीट काढून यांना बघायला येतात, कोचला वर्षाला कोट्यवधी मिळतात, आणि पाय मोडून घेणाऱ्याने फक्त शिष्यवृत्तीवर समाधान मानायचं, हे कॉलेजपण मला तरी नको होतं. पण हेही खरं की करार दरवर्षी नवा असेल तर पोरं दरवर्षी दुकान बदलणार, आणि एखादं काम अपुरं राहिलं म्हणून थांबणारे अजून कमी होणार.

पप्पा अजून फोनवर विचारतात. नवीन क्वार्टरबॅकचं नाव त्यांच्या लक्षात राहत नाही, पण ६५ नंबरचं काय झालं हे विचारल्याशिवाय फोन ठेवत नाहीत. मी सांगितलं, पाय बरा झाला, ड्राफ्टमध्ये क्लीव्हलँड ब्राऊन्सने घेतला, एनएफएलमध्ये खेळतोय.

"क्लीव्हलँड कुठं आलं?"

"ओहायोत."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. "ओहायोत? त्या ओहायोत?"

"अहो पप्पा, ती कॉलेजची टीम वेगळी, ही एनएफएलची, राज्य फक्त तेच."

"बेळगावला जाऊन खेळल्यागतच की गं ते." मग जरा थांबून, "पैशे बरे देतात न्हवं?"

म्हटलं हो, चांगले देतात.

"मग खेळू दे. पायाला जप म्हणावं."